घाट चढून आलेले मीठ

जुन्नर-आंबेगावच्या मातीत मीठ पिकत नाही; ते कोकणातून येई. मिठागरातले खडे मीठ बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून घाट चढे आणि परतीला धान्य खाली जाई. सातवाहनांच्या काळापासून वाहता असलेला नाणेघाट ही कोकणातून जुन्नरला येणारी अशीच एक जुनी वाट. तिच्या माथ्यावर दगडी रांजण आजही आहे. त्यात जकात जमा होई, असे परंपरा सांगते. इतक्या लांबून येणारे मीठ घरात जपूनच वापरले जाई. पुढे इंग्रजांनी त्यावर कर बसवला. त्याविरुद्धचा सत्याग्रह 1930चा. मिठावरचा कर 1947मध्ये गेला. मीठ स्वस्त झाले, हे चांगलेच झाले.

शरीराची घडण मात्र मिठाच्या टंचाईतली आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातले 99 टक्क्यांहून अधिक सोडियम रक्तात परत घेतात. आहारात मीठ वाढले की सोडियमबरोबर पाणीही शरीरात थांबते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. वाढलेल्या दाबानेच जादा सोडियम लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड थकले की तेवढेच सोडियम बाहेर टाकायला त्याला आणखी दाब लागतो आणि तो दाब गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे गुच्छ झिजवतो. हे दुष्टचक्र वर्षानुवर्षे मुकाट चालते, म्हणूनच ते घातक.

मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध 1904मध्ये आंबार आणि बोजार या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवला. 1988च्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीने 32 देशांतल्या लोकांच्या लघवीतले सोडियम मोजून त्याला दुजोरा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, एवढे मीठ पुरते. पाट्यावर ठेचा वाटताना टाकलेला खडा निदान डोळ्यांना दिसतो. फरसाण, पापड, लोणचे, वेफर्स यांतले मीठ हिशेबात धरलेच जात नाही. सैंधव रक्तदाबाला चालते, हा समजही चुकीचा आहे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आयोडीन घातलेले मीठ गलगंड टाळते, पण त्यातले सोडियम कमी होत नाही.

उलट काम पोटॅशियमचे. ते मूत्रपिंडाला सोडियम सोडून द्यायला लावते. सातगाव पठारावरचा बटाटा, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, केळी, डाळी यांत ते भरपूर असते. निरोगी माणसाला हे हितकारकच. मूत्रपिंड निकामी होत आलेल्याच्या रक्तात मात्र तेच पोटॅशियम साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. म्हणून अशा रुग्णांना बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून टाकून खायला सांगतात. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते वापरू नये.