हिशेबनीस : परीक्षेचा की उमेदवारीचा?

हिशेबाच्या जागेवर माणूस नेमावा तो परीक्षा पाहून की अनुभव पाहून, हा वाद पेढीपासून बँकेपर्यंत सर्वत्र चालतो. मुंबईत १९१८ साली त्याला सरकारी उत्तर मिळाले होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही.

आपली जुनी रीत उमेदवारीची. पोराने मोडी गिरवावी, जाणत्या कारकुनाशेजारी बसून कीर्द-खतावणी शिकावी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी. शिल्लक जुळली की तोच उत्तीर्ण!

१९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसास सरकारी दाखला आवश्यक केला. त्यातला मर्यादित दाखला एकाच प्रांतात व त्यात नमूद केलेल्या भाषेतच चाले. पुढे १९१८ मध्ये मुंबईत हिशेबशास्त्राची सरकारी पदविका निघाली. ती मिळवून शिवाय मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे काढणाऱ्यास हिंदुस्थानभर चालणारा दाखला मिळू लागला. नुसती परीक्षा पुरेशी नव्हती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मर्यादित दाखले १९२० मध्ये बंद झाले. १९४९ च्या चार्टर्ड अकौंटंट कायद्यानंतरही ही उमेदवारी टिकली.

अर्थात घरची ऐपत बेताची असलेल्या मुलाला तीन वर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढणे जडच. २०२३ च्या नव्या योजनेने ती मुदत दोन वर्षांवर आणली. कित्येक घरांना हायसे वाटले असेल. पण मार्चअखेरचा ताळेबंद आता तीनऐवजी दोनदाच हाताखालून जाणार, ती तूट कोणता वर्ग भरून काढील?