तारकुंपण, शेतीचे
पिकाच्या रक्षणासाठी खांबांवर ताणून बसवलेल्या तारांचा अडसर. जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि ही तार जगभर पसरली. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या काळ्या जमिनीत मात्र खरा कस खांबांचा लागतो. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. खांब कलतात, तारा सैल होतात. म्हणून कोपऱ्यावरच्या खांबांना तारांच्या दोन्ही दिशांनी तिरके टेकू हवेतच. रानडुक्कर खालून घुसते, रोही (नीलगाय) वरून उडी मारतो. तेव्हा खालच्या तारा जवळजवळ घ्याव्यात, उंचीही राखावी. तारांत वीज सोडणाऱ्या सौर कुंपणाचे झटका मशीन क्षणभराचे झटके देते. जनावर बिचकते, मरत नाही. तारांना टेकलेले ओले तण झटका जमिनीत उतरवते, त्यामुळे खुरपणी चुकवू नये. घरची वीज थेट तारांत सोडणे जीवघेणे आणि बेकायदेशीर आहे.