गोल भांडं आणि लांबट पेटी

गोल्डफिश चीनमध्ये वरून पाहायचा मासा होता. सोंग राजवटीत तो तळ्यांत पोसला गेला, मिंग काळात चिनी मातीच्या रुंद तोंडाच्या कुंड्यांत आला. कुंडीतून आरपार दिसत नाही, म्हणून पाठीचा रंग आणि पसरलेली शेपटी पाहूनच मासे निवडले, वाढवले गेले. तोंड रुंद असल्यानं पाण्याला भरपूर हवा लागायची.

पुढे हा मासा युरोपात पोचला आणि काचेच्या गोल भांड्यात जाऊन बसला. घोटाळा इथेच झाला, कारण भांड्याचं तोंड आवळलं. माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो आणि तो पाण्यात उतरतो मुख्यतः पृष्ठभागावरून. गळ्यापर्यंत भरलेल्या गोल भांड्यात हा पृष्ठभाग बशीएवढा उरतो.

माशाला बाजूनं, नीट निरखायची ओढ अभ्यासकांची. सिसिलीत ज्यान विलप्रू-पॉवर या संशोधक बाईंनी १८३२ च्या सुमारास काचेचं पात्र करवून घेतलं. ऑक्टोपसचा नातलग असलेला अर्गोनॉट आपला शिंपला स्वतःच घडवतो, की दुसऱ्याचा बळकावतो, हा वाद होता. स्वतःच घडवतो, हे त्यांनी त्या पात्रात निरखून सिद्ध केलं. मत्स्यपेटीच्या कुळात पहिला मान मी त्यांना देतो.

लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी टिकवून दाखवलं. कुजणारी पानं पाणी गढूळ करत होती, ती गोगलगाईंनी फस्त केली. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, पुढच्या वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांचं मत्स्यपेटीवरचं पुस्तक आलं आणि घराघरांत पेट्या शिरल्या. सपाट काच, लोखंडी चौकट, पाटीच्या दगडाचा तळ आणि सांध्यांत लुकण. पेटी चौकोनी झाली ती अशी. ती जड होती, गळायची, खाऱ्या पाण्यानं गंजायची. पण सपाट काचेतून मासा वेडावाकडा दिसत नव्हता.

१९६० च्या दशकात सिलिकॉन आलं. काचेला काच थेट चिकटू लागली, चौकट गेली. मग षट्कोनी, फुगीर, उभट, हवा तो आकार निघू लागला आणि निवड माशाऐवजी दिवाणखान्याच्या सजावटीकडे गेली.

म्हणून साधा हिशेब करा. ६०×३०×३० सेंटिमीटरच्या पेटीत ५४ लिटर पाणी मावतं आणि हवेला १८०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. तीच पेटी उभी केली, तर पाणी तेवढंच, पृष्ठभाग निम्मा. शिवाय खोलीबरोबर दाब वाढतो, म्हणून काच जाड लागते. तळ साफ करायला हात पोचत नाही. एंजलसारख्या उंच परांच्या माशाला उंची हवीच, ते मान्य. गप्पी, टेट्रा, झेब्रा मात्र आडवे पोहतात. त्यांना धावायला लांबी लागते.

इटलीतल्या मोंझा शहरानं २००४ मध्ये गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली. रोमनं पुढच्या वर्षी. आपल्याकडे तसा नियम येण्याची वाट पाहू नका. दुकानात गोल बाऊल पुढे केला, तर नको म्हणा आणि त्याच पैशांत बसेल तेवढी लांब पेटी मागा.