कीटकनाशक कवके
पावसाळ्यात बागेतील पानांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूस, पांढऱ्या वा हिरवट बुरशीने वेढलेले मृत कीटक आढळतात. हा वनस्पतीचा रोग नसून कीटकांवर उपजीविका करणाऱ्या कवकांचा प्रादुर्भाव होय. जंतू व विषाणू बहुधा अन्नावाटे कीटकाच्या उदरात शिरतात. कवकाचा बीजाणू मात्र त्याच्या त्वचेवरच रुजतो, एंझाइमांच्या साहाय्याने कायटिनयुक्त कवच भेदतो, आतील द्रवात वाढून काही दिवसांत त्या जीवाचा अंत करतो आणि हवा पुरेशी दमट असल्यास देह फोडून बाहेर येऊन नवे बीजाणू धारण करतो. एंटोमॉफ्थोरा वंशातील कवकाने ग्रासलेली माशी तर मरणापूर्वी उंच जागी चढून, पानास चिकटून व पंख उभारून प्राण सोडते, ज्यामुळे बीजाणू सभोवार दूरवर फेकले जातात. निसर्गाची ही तजवीज खरोखर विस्मयकारक आहे.

रेशीमकिड्यांचा पांढरा रोग कवकजन्य असल्याचे इटलीतील आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. बोव्हेरिया बॅसियाना या त्या कवकाच्या नावातील ‘बॅसियाना’ हा भाग त्यांच्याच सन्मानार्थ होय. १८७९ च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी मेटाऱ्हायझियम हे कवक वापरून पाहिले. आज महाराष्ट्रात हुमणीसाठी हेच कवक, तर मावा व पिठ्या ढेकूण यांसाठी लेकॅनिसिलियम वापरतात.

कोरड्या हवेत हा इलाज निष्प्रभ ठरतो आणि रेशीमपालनाच्या परिसरात बोव्हेरियाची फवारणी वर्ज्य मानावी. बुरशी आलेले कीटक दिसताच बुरशीनाशक फवारण्याची घाई बागाइतदारांनी करू नये. असे कीटक असलेली पाने तशीच राहू द्यावीत.