साष्टीच्या पेल्यातले ऋतू

ऑक्टोबरात अंधेरी पश्चिमेच्या एखाद्या टॅपरूममध्ये शिरलं की फळ्यावर खडूने लिहिलेलं एक नाव पुष्कळदा दिसतं: मेर्त्सन. बाहेर लिंक रोड ऑक्टोबरच्या उन्हाने भाजून निघालेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ग्लासात म्यूनिकच्या थंड संध्याकाळीसाठी जन्मलेली तांबूस, भाजक्या पावाच्या चवीची बिअर. मला ती आवडते. पण दर वर्षी ती पिताना एकच प्रश्न पडतो. हा ऋतू कोणाचा? आणि आपला स्वतःचा ऋतू पेल्यातून कधी निघून गेला?

मेर्त्सन म्हणजे मार्चची. 1553 मध्ये बव्हेरियात फर्मान निघालं की बिअर 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात करायची. उन्हाळ्यातल्या उष्म्यात ती नासायची, आणि नासण्यामागचं कारण तेव्हा कोणालाच कळलेलं नव्हतं. मग मार्चमध्ये शेवटचा मोठा घाणा जरा कडक करायचा, गार तळघरांत ठेवायचा आणि पुढचे महिने पुरवून पुरवून प्यायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात उरलेली पिंपं रिकामी करायची, कारण नवं जव आलेलं असायचं. म्हणजे ऋतूची बिअर ही मुळात चैन नव्हती, अडचणीतून काढलेली वाट होती. बेल्जियमच्या शेतांवरची 'सेझाँ' तशीच: हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना द्यायची. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचं शीतयंत्र आलं आणि ही गरजच संपली. बारा महिने एकसारखी बिअर करता येऊ लागली. ऋतू नावापुरता उरला.

आता साष्टीकडे वळू. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्याची गावं होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो 1920 मध्ये. या गावांत जव पिकत नव्हतं, पण ताड होते, माड होते, शिंदी होत्या, आणि त्यांवर चढणारे भंडारी होते. त्यांच्या कामाकडे नीट पाहिलं तर बिअर करणाऱ्याला लाजवील अशी कारागिरी दिसते. पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, उमलण्याआधी ती बांधायची, हळूहळू ठोकून मऊ करायची, टोकाला रोज पातळ काप द्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढू लागलं की हवेतलं आणि मडक्यातलं किण्व कामाला लागतं. दुपारपर्यंत ताडी फेसाळते, संध्याकाळपर्यंत तिच्यात बिअरइतकाच, म्हणजे चार-पाच टक्के, मद्यार्क येतो. दुसऱ्या दिवशी ती आंबटढाण होते आणि पुढे तिचा शिरका होतो. जवाच्या बिअरला जे साधायला आठवडे लागतात ते इथे एका दिवसात होऊन संपतं. त्यामुळे ती साठवता येत नाही, लांब नेता येत नाही. ज्या गावची, त्याच गावात आणि त्याच दिवशी प्यायची.

आणि तिला ऋतू होता. शिंदीचा रस थंडीतला, ताडाचा भर उन्हाळ्यातला, माडी वर्षभराची; पण पावसाळ्यात झाडं निसरडी, मडक्यात पाणी पडून रस पांचट. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळत, ती पहाटे वेचून वाळवत आणि त्यांची दारू काढत. मरोळ, सहार, चकाला, आंबोलीच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांत फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडीवर फुगे, मांसाला शिरका ताडीचाच लागे, आणि लग्नाच्या दिवसांत मसाला घालून गरम केलेलं खिमाड पेल्यांतून फिरे. पिण्याचं, खाण्याचं आणि पंचांगाचं असं एक जाळं होतं. त्यातला एक धागा ओढला की बाकीचे हलत.

तो धागा कायद्याने ओढला. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या भांडुपला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक ॲशबर्नर यांची रमची भट्टी होती. 1817 मध्ये ती कर्सेटजी माणेकजी यांच्याकडे गेली आणि तिथून सरकारला रम पुरवली जाई. ही रम झाडाशी किंवा महिन्याशी बांधलेली नव्हती. सरकारला असाच माल हवा होता, पिंपात मोजता येणारा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडाच्या प्रत्येक झाडामागे कर वाढवत नेला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांत, म्हणजे उरणसारख्या ठिकाणी, गोळा केली. 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेलं फूल हा संशयाचा माल झाला. मला हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत दुःखद टप्पा वाटतो. दारूचे दुष्परिणाम खरे होते, आजही आहेत, आणि ते घरातल्या बायकांनी सर्वांत जास्त भोगले. पण या कायद्यांना दारू थांबवायची नव्हती. त्यांना महसूल हवा होता.

थांबवण्याचा प्रयत्न पुढे झाला. 1939 मध्ये मुंबईत पहिली बंदी आली, मग 1949 चा दारूबंदी कायदा. गावठाणांत आंटीचे अड्डे निघाले, ताडीचं नाव हातभट्टीबरोबर घेतलं जाऊ लागलं. सरकारने नीरेला मात्र वेगळं ठेवलं. उपनगरी स्टेशनांवर नीरेची केंद्रं उभी राहिली आणि ऑफिसला निघालेली माणसं लोकल पकडण्याआधी तो गार, गोड ग्लास रिकामा करू लागली. बंदी सैल झाल्यावर 'परमिट रूम' हा शब्द पाट्यांवर कायमचा बसला. पिणाऱ्याकडे परवाना हवा हा नियम अजूनही कायद्यात आहे. त्या खोल्यांतली बिअर म्हणजे बाटलीतली फिकट लागर, मुंबईकरांची लाडकी लंडन पिल्सनर किंवा तिच्यासारखीच दुसरी. मे महिन्यात जशी, तशीच जानेवारीत. ताडीच्या दुकानांची गत आणखी वाईट झाली. झाडं तुटली, मागणी राहिली, आणि क्लोरल हायड्रेट मिसळलेली पांढरी पावडर ताडी म्हणून विकली जाऊ लागली. त्या पावडरीने माणसं मेली.

2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' ही छोटी ब्रूअरी सुरू झाली आणि ताज्या, न गाळलेल्या बिअरची चव महाराष्ट्राला कळली. 2013 मध्ये लोअर परळला 'बार्किंग डिअर'ने मुंबईत जागेवरच बिअर करायला घेतली. मग अंधेरीत 'ब्रूबॉट', 'डूलाली'ची टॅपरूम. डोंबिवलीत 'गेटवे'चा कारखाना. अंधेरीला हे का रुजलं हे उघड आहे: जुनी औद्योगिक गाळ्यांची वस्ती आणि संध्याकाळी ऑफिसांतून सुटणारी तरुण माणसं. ही बिअर फार टिकत नाही, ती लवकर प्यावी लागते. म्हणजे साष्टीत पुन्हा असं पेय आलं, ज्याला शिळं होण्याचं भय आहे. ताडीशी तिचं नातं मला इथे दिसतं.

ऋतूप्रमाणे प्यायची सवयही तिने लावली. उन्हाळ्यात गव्हाची, लवंग-केळ्याच्या वासाची पातळ बिअर. जुलैत पाऊस झोडपत असताना स्टाउट, कॉफीसारखी काळी. हे चांगलंच आहे. पण फळा वाचताना लक्षात येतं की ऋतूंची यादी बहुतेक उसनी आहे. अपवाद आहेत, आणि तेच मला मोलाचे वाटतात. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने कोकमाची गोजे केली. गोजे ही मिठाची आणि धण्याची आंबट जर्मन बिअर. कोकम, मीठ आणि धणे एकत्र आल्यावर कोकणातल्या माणसाला ती परकी कशी वाटेल? मोहाच्या फुलांवरचे जुने निर्बंध महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये उठवले. गोव्याच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि काजूच्या हंगामातच मिळणाऱ्या हुर्राकाची वाट पाहणारे लोक सिंधुदुर्गातही आहेत. साहित्य आहे, कायदा थोडा मोकळा झाला आहे, कारागीर आहेत.

म्हणून अंधेरीच्या ब्रूअर मंडळींना माझी मागणी आहे. मेर्त्सन जरूर करा, पण तिच्या शेजारच्या नळाला नव्या तांदळाची बिअर असू द्या. बव्हेरियात ऑक्टोबरात जे जवाचं होतं ते इथे भाताचं होतं. भाताचं नवं कणीस चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा ईस्ट इंडियनांचा सण टॅपरूमपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या गावठाणांत आजही साजरा होतो. त्याला आगेरा म्हणतात, आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो.