सात वर्षांची वकिली आणि एक शब्द

१/ कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्यावर नवीन जालना. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात, म्हणून येथेही, अशा खटल्यांसाठी किमान सात वर्षे वकिली केलेल्या ज्येष्ठ वकिलांचे पॅनेल असावे लागते. जानेवारीत व जुलैत विशेष सरकारी वकिलांच्या कामगिरीचा आढावा. हे काम शिकवायचे कसे, यावर तो नियम गप्प आहे.

२/ आणि शिकण्याजोगे पुष्कळ होते. १९८९ च्या कायद्यात गंभीर गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडला, हे सिद्ध करावे लागे. खून सिद्ध होई, कारण निसटे. विदर्भातील खैरलांजी हत्याकांडात (२००६) भंडारा न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली. ॲट्रॉसिटीचा आरोप मात्र टिकला नाही.

३/ २६ जानेवारी २०१६ पासून ‘कारणावरून’च्या जागी जात ‘ठाऊक असताना’ आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता, एवढे दाखवले की उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय ती जाण गृहीत धरते. त्यामुळे साक्षीदाराला विचारायचा प्रश्नच बदलला: ‘का मारले?’ नव्हे, तर ‘हे एकमेकांना किती वर्षे ओळखतात?’ खेड्यात याचे उत्तर बहुधा पिढ्यांत मोजावे लागते.