सिंधुदुर्गाभोवतीचे बुडीत खडक

सिंधुदुर्गाचा इतिहास आपण नेहमी तटावर उभे राहून वाचतो. श्रोतेहो, आज तो पाण्याखालून वाचू या.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. बेटाभोवती बुडीत खडक. भरतीच्या वेळी ते दिसत नाहीत आणि वाट न जाणणाऱ्या गलबताचा तळ फोडतात. महाराजांची दृष्टी तर खरीच. परंतु त्या खडकांमधून होडी कशी काढावी, ही विद्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांची होती. हे खडक अभेद्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतलाच आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नावही दिले. पुढे तो परत करावा लागला, ही गोष्ट निराळी.

या खडकांची दुसरी बाजू पाहण्यास माणसाला फार थांबावे लागले. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेवढीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कोठे पाणबुड्या दोरी-नळीच्या बंधनातून सुटला. आज तेच साधन लावून मालवणात पोहता न येणारा पुणेकरही वाटाड्याचा हात धरून खाली जातो!

खाली दिसते ते प्रवाळ. अंगठीतले पोवळे ते हे नव्हे. ते बहुधा भूमध्य समुद्रातले. खडकावर वाढणारे प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि यजमानाला वाटा देते. म्हणून गाळाने पाणी गढूळ झाले की दोघांचीही उपासमार. मालवणच्या जिवंत प्रवाळांची नोंद कासिम व वफर या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये केली; १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांनी विरोध केला. तो मला अडाणीपणाचा वाटत नाही. ज्यांनी खडक ओळखले, त्यांनाच तेथून दूर व्हावे लागेल की काय, ही भीती होती.

आता त्यांच्याच घरांतली काही मुले पर्यटकांना खाली नेतात. बोटीचा नांगर प्रवाळावर पडला, की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. नवख्याच्या पायानेही मोडते. कायमच्या तरंगत्या बोयाला होडी बांधली, तर नांगर टाकावाच लागत नाही. खर्च एका दोराचा आणि एका वजनाचा.